शिक्षा ठरवण्याआधी माणसाचे ऐकून घेतले पाहिजे

खुनाचा आरोप सिद्ध झाला की ठाण्याच्या सत्र न्यायालयात न्यायाधीश आरोपीला शिक्षेबाबत काही सांगायचे आहे का, असे विचारतात, आणि तोवर वकिलामार्फतच बोलणारा माणूस स्वतःचे वय, घरची परिस्थिती, लहान मुले यांविषयी बोलू लागतो. वकिली करताना मला खटल्याचा हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा वाटत आला आहे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने ही सुनावणी बंधनकारक केली. मात्र कायद्यानेच फाशी अनिवार्य केली असेल, तर या सुनावणीला काहीच अर्थ उरत नाही.

भारतीय दंड संहितेचे कलम ३०३ नेमके असे होते. जन्मठेप भोगणाऱ्याने खून केला की त्याला फाशीच द्यायची, दुसरा पर्यायच नाही. तुरुंगातील कर्मचाऱ्यांच्या संरक्षणासाठी ही तरतूद झाली असे मानले जाते. पण ठाण्याच्या किंवा तळोज्याच्या कारागृहातून पॅरोलवर कळव्याला घरी आलेल्या कैद्याच्या हातून भांडणात कोणी मेले, तरी तेच कलम लागू झाले असते. मिठू विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले. सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या निकालपत्राचा आधार राज्यघटनेची कलमे १४ (समानता) आणि २१ (जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य) हा होता: गुन्ह्याची परिस्थिती पाहण्याचा अधिकारच न्यायाधीशाकडून काढून घेणारी प्रक्रिया न्याय्य असू शकत नाही. २०१२ मध्ये शस्त्र कायद्याचे सक्तीच्या फाशीचे कलम २७(३) याच तर्काने रद्द झाले.

त्याआधी २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अमली पदार्थविरोधी कायद्यातील, ठरावीक गुन्हा दुसऱ्यांदा केल्यास लागणारी सक्तीची फाशी न्यायालयाच्या विवेकावर सोपवली. अन्य देशांतही हाच प्रवाह दिसतो. बेलीझच्या एका खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने (काही राष्ट्रकुल देशांची अंतिम अपिले ऐकणाऱ्या लंडनमधील न्यायालयाने) २००२ मध्ये, तर केनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये असाच निर्णय दिला, आणि मलेशियाने २०२३ मध्ये कायदाच बदलला.

या विषयावर बोलले की मृताच्या हक्कांचे काय, असे विचारले जाते, आणि ते विचारलेच पाहिजे. परंतु मृताच्या कुटुंबावर झालेला आघातही शिक्षेच्या सुनावणीतच मांडता येतो. सक्तीच्या फाशीत तोही तोलला जात नाही.

माझ्यासाठी खरी कसोटी वेगळी आहे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ३(२)(i) नुसार, खोट्या पुराव्यामुळे या समाजातील निरपराध व्यक्तीला फाशी होऊन ती अमलात आली, तर तो पुरावा देणाऱ्यास आजही सक्तीची फाशी आहे. हा कायदा मला अत्यंत आवश्यक वाटतो, आणि असे कृत्य करणाऱ्याबद्दल मनात दया येणे कठीण आहे. तरीही जातीय द्वेषातून कट रचणारा आणि गावातल्या बड्या माणसाच्या धाकाने साक्ष देणारा शेतमजूर, या दोघांना कायदा एकाच फासावर चढवतो, हे मला मान्य नाही. मिठू प्रकरणातला तर्क इथेही तितकाच लागू पडतो. अमली पदार्थांच्या कायद्यातील सक्ती संसदेने २०१४ मध्ये दुरुस्ती करून काढली. या पोटकलमातही, न्यायालयाने ते रद्द करण्याची वाट न पाहता, जन्मठेपेचा पर्याय घातला गेला पाहिजे.