बगानला पाहिले, कारैकुडीत घेतले

ब्रह्मदेशातील बगानला जाणारे बहुतेक प्रवासी देवळांसाठी जातात, आणि त्यात वावगे काही नाही; अकराव्या ते तेराव्या शतकांत इरावतीच्या काठी उभारलेल्या विटांच्या स्तूप-मंदिरांपैकी दोन हजारांहून अधिक वास्तू अजून उभ्या आहेत आणि २०१९ साली युनेस्कोने या परिसराला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. मी त्याच वर्षाच्या हिवाळ्यात तेथे गेलो, तो मात्र रोगणकामाच्या, म्हणजे लॅकरच्या, जुन्या भांड्यांसाठी. पानाचे डबे, भिक्षूंसाठी विहारात अन्न नेण्याची उंच शिखराची पात्रे आणि पोथ्या ठेवण्याच्या सोनेरी पेट्या यांचा मला कित्येक वर्षे नाद आहे, आणि अशा वस्तू विकत घेण्याआधी त्या घडतात कशा, हे डोळ्यांनी पाहिले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

जुन्या बगानच्या दक्षिणेला मिन्काबा नावाचे गाव आहे. मोन लोकांचा पराभूत राजा मनुहा याचे देऊळ याच गावात असून त्याच्या आसपासच्या घराघरांतून रोगणाचे काम चालते. आपल्याकडे सावंतवाडीच्या खेळण्यांवर चढते ती लाख किड्यापासून मिळते. येथील रोगण म्हणजे थिट्सी नावाच्या झाडाचा चीक. हे झाड आंबा, काजू आणि बिबा यांच्याच कुळातले आहे, त्यामुळे कच्चा चीक अंगाला लागला की बिबा उतल्यासारखी कातडी फुलते. मी ज्या कारखान्यात बसलो होतो, तेथील वयस्कर उस्तादांचे हात कोपरापर्यंत काळे होते. दुभाष्यामार्फत त्यांनी सांगितले की नव्या मुलांना पहिल्या काही महिन्यांत पुरळ येतेच, नंतर अंग सरावते.

डब्याचा सांगाडा बांबूच्या बारीक पट्ट्यांचा असतो. पट्टी गोलाकार गुंडाळत किंवा विणत भिंत उभी करतात. अगदी तलम पेल्यांसाठी बांबूच्या उभ्या काड्यांमध्ये घोड्याचे केस विणतात, आणि असा पेला काठावर दाबला तर समोरासमोरच्या दोन कडा एकमेकींना टेकतात, तरी तडा जात नाही. सांगाड्यावर आधी नुसता चीक, मग चिकात राख कालवून केलेला लगदा, आणि पुन्हा चीक असे थर चढत जातात. प्रत्येक थर दिल्यावर डबा तळघरात ठेवावा लागतो. मला प्रथम वाटले की उन्हापासून वाचवण्यासाठी ठेवत असतील. पण खरे कारण असे की हा चीक उन्हात वाळत नाही, तो दमट हवेतील प्राणवायू घेऊन घट्ट होतो. बगान हा ब्रह्मदेशाचा कोरडा पट्टा असल्यामुळे ती ओल जमिनीखालीच मिळते. थर घट्ट झाला की डबा लेथवर चढवून पाण्याने घासायचा, पुन्हा थर द्यायचा, पुन्हा तळघर. चांगल्या डब्याला सहा महिने आणि त्याहूनही अधिक काळ लागतो तो याच येरझाऱ्यांमुळे.

नक्षीचे काम याहूनही चिकाटीचे आहे. काळ्या गुळगुळीत पृष्ठभागावर लोखंडी कोरणीने, कोणताही छाप न घेता, थेट हाताने रेघा कोरतात. एका रंगाच्या साऱ्या रेघा कोरून झाल्या की त्यांत रंग चोळतात, वरचा जादा रंग पुसतात, डिंकाच्या पाण्याने तो पक्का करतात आणि मगच दुसऱ्या रंगासाठी कोरणी हातात घेतात. लाल रंग हिंगूळाचा, पिवळा हरताळाचा आणि हिरवा हरताळात नीळ मिसळून केलेला. सोनेरी कामाची रीत तर उलटीच आहे: जो भाग काळा ठेवायचा तेवढ्यावर हरताळ आणि डिंक यांचे मिश्रण रंगवायचे, सगळ्यावर सोन्याचा वर्ख लावायचा आणि मग डबा पाण्याने धुवायचा, डिंक विरघळतो, त्याच्यावरचा वर्ख निघून जातो आणि उरलेल्या जागी सोने राहते.

येथे १९२४ पासून सरकारी रोगणशाळा आहे आणि तिला जोडून संग्रहालयही आहे. तेथे मी सगळ्यात जास्त वेळ पानाच्या डब्यांपाशी काढला. असा डबा म्हणजे उंच गोल नळकांडे, आत एकावर एक बसणारी दोन तबके, आणि जवळजवळ बुडापर्यंत उतरणारे झाकण. काम उत्तम असेल, तर झाकण वर टेकवून सोडल्यावर धाडकन पडत नाही. आतली हवा फटीतून निसटेल तसतसे ते सावकाश खाली सरकते. बाहेरच्या पट्ट्यांवर बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या जातककथा, राजदरबार, राशी आणि वारांचे प्राणी येतात. तेथे वार आठ मानतात, कारण बुधवारचे दोन भाग आहेत: सकाळी सुळे असलेला हत्ती, दुपारनंतर बिनसुळ्यांचा. हा दुसरा अर्धा वार राहूच्या वाट्याला जातो, हे वाचून पंचांग पाहणाऱ्या माणसाला फारसे परके वाटणार नाही.

जुने-नवे ओळखताना नक्षी पाहू नये, हा तेथून मिळालेला सर्वांत उपयोगी धडा. जुनी नक्षी आजही हुबेहूब कोरता येते. वापर मात्र कोरता येत नाही. तबकांच्या आतल्या बाजूला सुपारीचे ओरखडे आणि काताचे तांबूस डाग हवेत, झाकण धरण्याच्या जागी नक्षी बोटांनी झिजलेली हवी, आणि डबा तिरका धरून उजेडात पाहिला तर रोगणाखालच्या बांबूच्या आडव्या पट्ट्या किंचित उठून दिसायला हव्यात. ज्या डब्याची झीज सगळीकडे सारखी आहे, त्याच्याकडे मी पुन्हा पाहत नाही. यांगूनच्या मोठ्या बाजारात एका दुकानात 'दीडशे वर्षांचा' म्हणून दाखवलेला डबा बाहेरून काळवंडलेला होता, आतून मात्र कोरा करकरीत.

तो खराच दीडशे वर्षांचा असता, तरी मी घेतला नसता. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर नेण्यास तेथील २०१५ च्या कायद्याने मनाई आहे, आणि ती योग्य आहे. आपल्या १९७२ च्या पुरावशेष कायद्याचा रोखही तोच आहे. काही संग्राहक या बंधनाला कंटाळतात. मला तो कंटाळा समजत नाही, कारण विहारासाठी दान दिलेली पोथीची पेटी माझ्या दिवाणखान्यात असण्याला तसा काही अर्थ नाही.

त्यामुळे माझी खरेदी झाली ती भारतात, तमिळनाडूतील कारैकुडीला. ब्रह्मदेश १९३७ पर्यंत ब्रिटिश हिंदुस्थानचाच प्रांत होता आणि कारैकुडीच्या आसपासच्या चेट्टिनाड भागातील नाट्टुकोट्टै चेट्टियार या व्यापारी समाजाची सावकारी तेथे पिढ्यान्‌पिढ्या चालली. १९३० च्या दशकाच्या अखेरीस दक्षिण ब्रह्मदेशातील मुख्य भातजिल्ह्यांची सुमारे चौथाई जमीन त्यांच्याकडे आलेली होती. सागवानाच्या खांबांबरोबर तिकडची रोगणाची भांडीही त्यांच्या वाड्यांत आली. १९४२ मध्ये जपानी फौजा शिरल्यावर तो व्यवहार मोडला, पुढे वाड्यांच्या वाटण्या झाल्या, आणि घरातले सामान मुनीश्वरन कोविल रस्त्यावरच्या जुन्या वस्तूंच्या दुकानांत येऊन पडले. चिनीमातीच्या बरण्या, एनॅमलचे डबे आणि रविवर्म्याच्या तसबिरी यांच्या गर्दीत बर्मी डबे शोधायला थोडी नजर लागते, कारण ते बहुधा धुळीने पार मातकट झालेले असतात.

मी घेतलेला डबा बेताच्या उंचीचा आहे. मधल्या पट्टीवर वेस्संतर जातकातला, राजपुत्र आपली मुले ब्राह्मणाला देऊन टाकतो तो प्रसंग आहे. ब्राह्मणाच्या पाठीवरचे पोक कोरणाऱ्याने मन लावून कोरले आहे. बुडाला तैलरंगात दोन तमिळ अक्षरे आहेत, कारण चेट्टियार घरांत भांड्यांवर कुटुंबाची आद्याक्षरे घालण्याची पद्धत होती. वरचे तबक मात्र हरवलेले होते. प्रत्येक तबक आपापल्या डब्याच्या मापाने घडवलेले असल्यामुळे दुसरे आणून बसवणे अशक्य आहे, हे मला मिन्काबात समजलेच होते. दुकानदारांनाही ते ठाऊक असावे, कारण घासाघीस सुरू करण्याआधीच त्यांनी किंमत निम्म्यावर आणली.