पावतीवर नसलेला खर्च

रविवार, रात्री

केमिस्ट्रीच्या डिग्रीला खर्च किती येतो असं विचारलं की लोक फीचा आकडा सांगतात. तो पावतीवर छापलेलाच असतो. मोठी रक्कम पावतीवर नसते. पदवीची तीन-चार वर्षं कमाई नाही, पुढे मास्टर्सची एक-दोन, आणि पीएचडीला गेलं तर आणखी चार ते सहा. पीएचडीला पुष्कळ ठिकाणी विद्यावेतन मिळतं, म्हणून ती फुकटात पडते असा समज आहे. तेवढ्या काळात बरोबरीची मैत्रीण नोकरीत दोन बढत्या घेऊन बसलेली असते, तो फरक मात्र कुणी खर्चात धरत नाही.

मग हाती काय लागतं? नुसत्या पदवीवर पहिली नोकरी बहुधा क्यूसीतली, म्हणजे मालाचा दर्जा तपासणाऱ्या विभागातली. सॅम्पल घ्या, वजन करा, विरघळवा, गाळा, एचपीएलसी या घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राला लावा, नोंद करा, सही करा. शिफ्ट रात्रीचीही असते. पगार बेताचा, कारण एवढं काम करू शकणाऱ्या पदवीधरांची रांग लागलेली असते. केमिकल इंजिनिअरिंग आणि केमिस्ट्री एकच समजणारे नातेवाईक इथे हमखास फसतात. फ्लास्कमध्ये रिअॅक्शन का होते हे केमिस्ट सांगतो. तीच रिअॅक्शन हजारो लिटरच्या रिअॅक्टरमध्ये तापून हाताबाहेर जाऊ नये, ही जबाबदारी इंजिनिअरची. सुरुवातीचा पगारही सहसा त्याचाच जास्त.

शिकलेल्यातल्या नेमक्या कशाचे पैसे मिळतात, हे कामाला लागल्यावरच कळतं. कॅनिझारो रिअॅक्शन परीक्षेनंतर मला पुन्हा भेटली नाही. जांभया देत शिकलेला पीकेए, म्हणजे आम्लाची तीव्रता सांगणारा आकडा, मात्र रोज भेटतो. बफर, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारं द्रावण, पीकेएच्या साधारण एक युनिट वर-खाली एवढ्यातच नीट काम करतो. एचपीएलसीतला सिलिकाचा साधा कॉलम, म्हणजे घटक वेगळे करणारी नळी, पीएच 2 ते 8 च्या पलीकडे नेला की लवकर खराब होतो. फॉस्फेट बफरमध्ये अॅसिटोनायट्राइल या द्रावकाचं प्रमाण फार वाढवलं तर क्षार बाहेर पडतो आणि सिस्टीम तुंबते. क्रोमॅटोग्रामवर, म्हणजे यंत्राने काढलेल्या आलेखावर, पीक (शिखर) पसरट आलं की एकजण लगेच सर्व्हिस इंजिनिअरला फोन लावतो, दुसरी आधी मोबाइल फेजचा, म्हणजे कॉलममधून वाहणाऱ्या द्रवाचा, पीएच बघते. डिग्री दोघांची तीच. मेथड डेव्हलपमेंटला, म्हणजे तपासणीच्या नव्या पद्धती बसवायला, कुणाला उचलतात, ते सांगायला नको. तिथून व्हॅलिडेशन (पद्धत भरवशाची आहे हे सिद्ध करणं), रेग्युलेटरी (सरकारी मंजुऱ्यांचं काम), पेटंट अशा वाटा फुटतात आणि पगार खऱ्या अर्थाने तिथे वाढतो. औषध कंपन्यांत व्हॅलिडेशनसाठी आयसीएच या औषधांचे नियम जुळवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेची क्यू-2 ही मार्गदर्शिका सतत हाताशी लागते, 2023 मध्ये ती सुधारूनही आली. माझ्या अभ्यासक्रमात तिचं नावसुद्धा नव्हतं.

माहितीपत्रकात न सापडणारा एक धोकाही आहे. 2008-09 मध्ये अॅसिटोनायट्राइल जगभर मिळेनासं झालं, भाव कितीतरी पटींनी चढले. हा द्रावक कुणी मुद्दाम फारसा बनवत नाही, अॅक्रिलोनायट्राइल हा प्लास्टिकचा कच्चा माल तयार करताना तो जोडीला निघतो. मंदीत गाड्या खपेनात, त्यांना लागणारं प्लास्टिक खपेना, अॅक्रिलोनायट्राइलचे कारखाने मंदावले. इतरही कारणं होती, पण हे मोठं. आणि औषधांच्या लॅबमध्ये बाटल्या मोजून वापरायची वेळ आली! केमिस्टची नोकरीही अशीच कुठल्यातरी दूरच्या कारखान्याला बांधलेली असते. रंग, बॅटऱ्या, पॉलिमर, खतं, औषधं... एका धंद्यातून दुसऱ्यात उडी मारता येते, हा मला या डिग्रीचा सर्वांत मोठा गुण वाटतो. पण कपात आली की संशोधनातली माणसं आधी जातात आणि क्यूसीतली नंतर, असं माझं मत आहे. नवं औषध पुढे ढकलता येतं, तयार माल तपासल्याशिवाय विकता येत नाही.

मार्गारेट थॅचर केमिस्ट्री शिकल्या होत्या, अँगेला मर्केल यांची डॉक्टरेट क्वांटम केमिस्ट्रीतली, हे कुणीतरी ऐकवतंच. दोघींनी पुढे राजकारणासाठी केमिस्ट्री सोडली, त्याबद्दल अवाक्षर नाही. मला उलटं उदाहरण आवडतं. 2002 च्या केमिस्ट्रीच्या नोबेलचे एक मानकरी कोइची तानाका हे इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगचे नुसते पदवीधर, शिमाद्झू या उपकरणं बनवणाऱ्या कंपनीत नोकरीला. प्रथिनांसारखे मोठे रेणू न मोडता मास स्पेक्ट्रोमीटर या रेणूंचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्राने कसे मोजायचे, याच्या मागे लागले आणि ते जमवलं. डिग्रीवर विषयाचं नाव नव्हतं, उपकरणावर हात मात्र बसलेला होता.

भाचीला ही डिग्री कर्ज काढून करायची आहे, आणि ती माझ्याकडून होकाराची वाट बघतेय. कर्ज काढून पदवीलाच थांबणार असेल तर माझा नकार. अॅनालिटिकल केमिस्ट्री (पदार्थ तपासण्याची शाखा) घेऊन मास्टर्सपर्यंत जाणार असेल तर हिशेब जमतो. पीएचडी एखादा प्रश्न स्वस्थ बसू देत नसेल तर जरूर करावी, पगाराच्या आशेने करू नये. यावर ती चिडणार, चिडू दे. कॉलेज बघायला जाईल तेव्हा फीच्या आधी एवढं विचारून ये म्हणेन, की लॅबमध्ये एचपीएलसी आहे का, आणि असेल तर मुलांना स्वतः कॉलम बदलू देतात की नुसतंच लांबून दाखवतात.