दरजांवर अर्धा तास

आज पहिल्यांदाच शहराच्या वारसा जतन मंडळाच्या जाहीर सुनावणीला जाऊन बसले. तीन तास कसे गेले, कळलंच नाही.

मला वाटायचं, इमारत एकदा वारसा यादीत आली की तिला हातच लावायचा नाही. तसं नसतं. दुरुस्ती करता येते, फक्त आधी मंडळाची मंजुरी लागते, आणि त्यांचं मुख्य लक्ष असतं ते रस्त्यावरून दिसणाऱ्या रूपाकडे. आज अर्धा तास गेला तो एका विटांच्या भिंतीच्या दरजांवर, म्हणजे विटांमधल्या सांध्यांवर! मालकांना त्या सिमेंटने भरायच्या होत्या. मंडळावरच्या वास्तुविशारद बाईंनी जुन्या चुन्याचा तुकडा टेबलावर ठेवला आणि नखाने खरवडून दाखवला. चुना मऊ, त्यातून ओल बाहेर पडते. सिमेंट ती अडवतं, मग ओल विटेत साठते आणि विटेचेच पापुद्रे सुटायला लागतात. मालक पुढे सरकून ऐकत होते. शेवटी चुन्यावरच ठरलं. मला फार बरं वाटलं.

असं मंडळ नसलं की काय होतं, ते न्यूयॉर्कमध्ये दिसलं. तिथलं जुनं पेन स्टेशन १९६३ मध्ये पाडायला घेतलं, तेव्हा ते वाचवणारा कायदाच नव्हता. तिथला वारसा आयोग १९६५ मध्ये आला. तिथलंच दुसरं जुनं रेल्वे स्टेशन, ग्रँड सेंट्रल, आज उभं आहे ते त्यामुळे.

पुढच्या वेळी जुनी टपाल कचेरी यादीत घ्यायची का, यावर सुनावणी आहे. कुणाकडे तिचे जुने फोटो असतील तर प्लीज पाठवा. तिथे अशा पुराव्यालाच वजन असतं.