पुणे की बंगळुरू : होकार देण्याआधी मांडलेला हिशेब

मार्चमध्ये कंपनीने मला बंगळुरूच्या कार्यालयात जाण्याविषयी विचारले. पगारात २२ टक्के वाढ देऊ केली आणि उत्तरासाठी तीन आठवड्यांची मुदत दिली. पहिल्या रात्री मीही बहुतेकांसारखीच दोन शहरांच्या खर्चाची तुलना करणारी संकेतस्थळे उघडून बसले. एका ठिकाणी बंगळुरू पुण्याहून बरेच महाग निघाले, तर दुसऱ्या ठिकाणी फरक जेमतेम होता. दोन्हींत बाहेरचे जेवण, व्यायामशाळेचे शुल्क, टॅक्सी आणि सिनेमाची तिकिटे मोजलेली होती. आमच्या घरात चार माणसे आहेत : मी, गृहनिर्माण संस्थांचे हिशेब सांभाळणारा नवरा, जूनमध्ये आठवीत जाणारी मुलगी आणि ७६ वर्षांच्या सासूबाई. व्यायामशाळेत आमच्यापैकी कोणी जात नाही आणि सासूबाईंच्या गुडघ्यांच्या फिजिओथेरपीला त्या तक्त्यांत रकाना नाही.

म्हणून नवऱ्याने घरातली खर्चाची वही आणि बारा महिन्यांची बँकेची विवरणे काढली आणि प्रत्येक नोंदीसमोर एकच प्रश्न लिहिला : राज्य बदलले तर हा आकडा बदलेल का? उत्तर बहुतेक ठिकाणी ‘नाही’ असेच आले, याचे मला स्वतःला आश्चर्य वाटले. विम्याचे हप्ते, गृहकर्जाचा हप्ता, मोबाइल आणि सासूबाईंच्या औषधांवरची छापील किंमत दोन्हीकडे तीच. जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा करही एकाच वस्तूवर दोन्ही राज्यांत सारख्याच दराने लागतो. प्राप्तिकर केंद्राचा, आणि व्यवसाय कराचे म्हणाल, तर राज्यघटनेच्या २७६व्या अनुच्छेदाने त्याला वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादाच घातलेली आहे, त्यामुळे त्यासाठी रात्र जागवण्यात अर्थ नव्हता. पेट्रोलवरचा कर राज्य ठरवते हे खरे, पण या दोन शहरांपुरता भावातला फरक किरकोळ होता. खरा फरक उरला तो घर, गाडी, पाणी आणि शिक्षण या चार ठिकाणी, शिवाय नवऱ्याच्या उत्पन्नात. त्याच्याकडच्या संस्था पुण्यातल्याच आहेत. त्यांतल्या निम्म्यांचे काम दुरून करता येईल, उरलेल्यांना सभेला समोर बसलेला माणूस लागतो. या एका ओळीने माझ्या पगारवाढीचा मोठा भाग गिळला, आणि ती ओळ कोणत्याही संकेतस्थळावर नव्हती.

घराच्या भाड्यापेक्षा अनामत रकमेने आम्हाला जास्त विचारात पाडले. बंगळुरूत दहा महिन्यांचे भाडे अनामत म्हणून घेण्याची जुनी चाल आहे. ती आता बरीच सैल झाली असली, तरी आम्ही पाहिलेल्या सहा घरांपैकी चार मालकांनी पाच ते सहा महिन्यांचे भाडे मागितले. पुण्यात आम्ही भाड्याने राहत होतो तेव्हा दोन महिन्यांवर भागले होते. ही रक्कम परत मिळते, त्यामुळे ती खर्चात धरायची नाही असे मी म्हणत होते, पण नवऱ्याने तिच्यावरचे बुडणारे व्याज आणि घर सोडताना रंगकामासाठी कापले जाणारे एक महिन्याचे भाडे, अशा दोन्ही गोष्टी लिहून काढल्या. करारातही फरक आहे. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो व नोंदणीची जबाबदारी मालकावर असते. तिथे अकरा महिन्यांचा करार मुद्रांक कागदावर सह्या करून संपवण्याचीच रीत दिसली. सहा महिन्यांचे भाडे ज्याच्या हाती द्यायचे, त्याच्याशी इतक्या पातळ कागदावर बांधून घेणे मला तरी रुचले नाही.

गाडीचे प्रकरण त्याहून किचकट निघाले. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवली, तर तिची तिथे पुन्हा नोंदणी करावी लागते. त्यासाठी आधी पुण्याच्या परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र, कर्ज शिल्लक असेल तर बँकेची संमती, मग कर्नाटकाचा आजीवन कर, आणि तो भरल्यानंतर महाराष्ट्रात भरलेल्या कराच्या उरलेल्या भागाचा परतावा मागायचा, असा क्रम आहे. म्हणजे आधी खिशातून जाते आणि नंतर कधीतरी येते. कर्नाटकाचा हा कर देशातल्या चढ्या करांत मोडतो. जुन्या गाडीला वयाप्रमाणे सूट मिळते, तरीही आमच्या २०१९ च्या गाडीसाठी येणारी रक्कम पाहून नवरा म्हणाला, ‘‘यापेक्षा गाडी इथेच विकून तिथे रिक्षाने फिरू.’’ तो हे गमतीने म्हणाला असला, तरी मी तो पर्याय वहीत लिहून ठेवला आहे. २०२१ मध्ये सुरू झालेली ‘बीएच’ मालिका, म्हणजे राज्य बदलले तरी पुन्हा नोंदणी करावी न लागणारे गाडीचे क्रमांक, अशाच बदल्यांसाठी आहे, पण खासगी नोकरीत असाल तर कंपनीची कार्यालये किमान चार राज्यांत किंवा केंद्रशासित प्रदेशांत असावी लागतात. आमच्या कंपनीची तीनच राज्यांत आहेत.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघे चार दिवस तिथे जाऊन राहिलो. रविवारी घरे पाहू नयेत, असे माझे ठाम मत त्या फेरीत झाले, कारण रविवारी सगळीच घरे कार्यालयाच्या जवळ असतात. मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला मी कार्यालयाच्या दारातून निघाले आणि आम्हाला आवडलेल्या घराच्या फाटकाशी सात वाजून बेचाळीस मिनिटांनी पोहोचले. अंतर होते अकरा किलोमीटर. बुधवारी त्याच वेळी, मेट्रो स्थानकापासून चालत जाता येईल अशा दुसऱ्या घरापर्यंत जायला पस्तीस मिनिटे लागली. भाडे मात्र तिथे सव्वापट. वर्षातले कामाचे दिवस आणि दोन्ही वेळचा प्रवास धरून आम्ही तासांचा गुणाकार केला, तेव्हा सव्वापट भाडेच स्वस्त वाटू लागले.

त्याच फाटकाशी सुरक्षारक्षकाला मी पाण्याविषयी विचारले. मालकाने ‘‘पाण्याचा काहीच प्रश्न नाही’’ असे सांगितले होते. रक्षकाने मोडक्या हिंदीत सांगितले की कावेरीचे पाणी एक दिवसाआड येते, उरलेले कूपनलिकेचे, आणि मार्चपासून टँकर. त्याने टँकरच्या नोंदींची वहीच दाखवली. तारीख, वेळ, गाडीचा क्रमांक आणि सही अशा चार रकान्यांची पाने भरलेली होती, आणि त्यांतल्या एका आठवड्यात पाच टँकर आले होते. २०२४ च्या उन्हाळ्यात या शहरात पाण्याची जी ओढाताण झाली ती सर्वांनी बातम्यांत पाहिली, पण कोणती इमारत कशावर चालते हे त्या वहीतच कळते. देखभाल शुल्कात टँकर धरलेला आहे की वेगळा, हा प्रश्न त्यानंतर आम्ही प्रत्येक मालकाला विचारला.

जमेच्या बाजूला मी हवा लिहिली होती. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचावर असल्याने पुण्यासारखा एप्रिल तिथे सोसावा लागत नाही आणि विजेचे बिलही त्या मानाने कमी येते. सासूबाईंनी ही यादी वाचली आणि विचारले, ‘‘तिथे बारा महिने गार असते म्हणतेस, मग माझ्या गुडघ्यांचे काय?’’ ती ओळ मी खोडली नाही, पण दुसऱ्या बाजूलाही लिहिली. कर्नाटकातली महिन्याला २०० युनिटपर्यंत मोफत विजेची योजना भाडेकरूंनाही लागू आहे, तरी हिशेबात मी ती शून्य धरली. सरकारी योजनेच्या भरवशावर पाच वर्षांचे अंदाजपत्रक बांधू नये, एवढे हिशेबनीसाच्या घरात राहून शिकले आहे.

निर्णय अडला तो मात्र यांपैकी कशावरही नाही. मुलीला वैद्यकीय शाखेकडे जायचे आहे. निदान सध्या तरी तसे ती म्हणते. महाराष्ट्राच्या ८५ टक्के राज्य कोट्यातून वैद्यकीय प्रवेशासाठी अधिवास तर लागतोच, शिवाय दहावी आणि बारावी महाराष्ट्रातूनच झालेली असावी लागते. कर्नाटकात सर्वसाधारण नियम सात शैक्षणिक वर्षे तिथे शिकल्याचा आहे. आठवीत तिथे गेली, तर बारावीपर्यंत तिची पाचच वर्षे भरतात. म्हणजे इथली वाट बंद आणि तिथली उघडत नाही. उरतो तो अखिल भारतीय कोटा, नाहीतर भरमसाट शुल्काच्या जागा. अपवादांची कलमे आम्ही दोनदा वाचली, पण त्यांत आम्ही कुठेच बसत नाही. ती तिसरीत असती, तर हा परिच्छेद मी लिहिलाच नसता. तिचे मत उद्या बदलू शकते हे मला मान्य आहे, पण तो बदल तिचा असावा, माझ्या बदलीचा नसावा.

तेव्हा आता तिसरा रकाना आखला आहे : मी एकटीने जायचे, महिन्यातले दोन आठवडे तिथे आणि दोन इथे. त्यात मेट्रोजवळची एक खोली, प्रवासाची तिकिटे आणि दुसऱ्या घराचा किराणा धरला, तर २२ टक्क्यांतले जेमतेम सहा उरतात. कंपनीला मी तसे कळवले असून खोलीची अनामत रक्कम बिनव्याजी आगाऊ द्यावी, असेही लिहिले आहे. उत्तर अजून आलेले नाही. मधल्या काळात गाडीच्या विम्याची मुदत संपत होती. तो पुण्याच्याच पत्त्यावर एक वर्षासाठी पुढे वाढवला.