टसीता स्वयंवरट

१८४३ साली ५ नोव्हेंबरला विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीता स्वयंवर’चा प्रयोग केला. म्हणून हा दिवस मराठी रंगभूमी दिन, आणि म्हणूनच ऑक्टोबरात एका नाट्यमंडळाची ६४ पानी स्मरणिका माझ्याकडं टायपिंगला आली.

पहिलं प्रूफ बघायला मराठीचे निवृत्त सर विश्रामबागेत माझ्या टेबलापाशी येऊन बसले. पहिल्याच पानावर त्यांचं लाल पेन अडलं.

“अगं, हे टसीता स्वयंवरट काय प्रकरण आहे?”

पुढच्या पानावर तर ठअहो, ऐकलंत का?ठ असं एक पात्र बोलत होतं.

मी इन्स्क्रिप्ट या मराठी कीबोर्डनं टाइप करते. इंग्रजीत एंटरच्या डावीकडं जी अवतरणचिन्हाची कळ असते, तिच्यावर इन्स्क्रिप्टमध्ये ट बसलाय. शिफ्ट धरली की ठ. म्हणजे अवतरण टाकायचं तर विंडोज आणि स्पेस दाबून इंग्रजीत जायचं, चिन्ह द्यायचं, परत मराठीत यायचं. एका नाटकाच्या नावाला अशा दोन फेऱ्या. रात्री अकरानंतर मी त्यातली निम्मी फेरी विसरत होते.

मग मी शहाणपणा केला. फाइंड अँड रिप्लेसमध्ये सगळे ट काढून चिन्ह टाकलं. नाटकाच्या स्मरणिकेत! सगळीकडं ‘ना’क’, ‘ना’कं’, ‘ना’ककार’. कंट्रोल-झेड नसतं तर मी त्या दिवशी दुकानच बंद केलं असतं. शेवटी ट आणि ठ हातानं एकेक शोधून काढले. दोन दिवस गेले.

दुसऱ्या प्रूफला सरांना वेगळंच दिसलं. काही संवाद बंद होणाऱ्या चिन्हानं सुरू होत होते, उदाहरणार्थ सूत्रधार:”या, बसा.” म्हणजे पाहुणा आत यायच्या आधीच दार लावलं. वर्डला वाक्य कळत नाही, तो फक्त मागचं अक्षर बघतो. मागं मोकळी जागा, ओळीची सुरुवात किंवा उघडता कंस असेल तर उघडणारं चिन्ह, नाहीतर बंद होणारं. मी कोलनला चिकटून टाइप केलं होतं, त्यामुळं त्याच्या हिशेबानं तो बरोबरच होता. ही चूक शोधायलाही साधा फाइंड उपयोगी पडत नाही, कारण त्याला सरळ, उघडं, बंद अशी सगळी अवतरणं सारखीच वाटतात. ‘यूज वाइल्डकार्ड्स’वर खूण केली तेव्हा कुठं तो कोलनला चिकटलेलं बंद चिन्ह नेमकं दाखवू लागला.

त्यानंतर मी अंदाजावर विसंबणंच सोडलं. इन्सर्टमध्ये सिम्बॉल, तिथं मोअर सिम्बॉल्स. चारही चिन्हं एकेक निवडून ‘शॉर्टकट की’मध्ये ऑल्ट-१ ते ऑल्ट-४ नेमून दिल्या: पहिल्या दोन एकेरीला, पुढच्या दोन दुहेरीला. आता कीबोर्ड मराठीतच राहतो आणि मी जे दाबीन तेच उमटतं. हे आधी का नाही सुचलं, ते विचारू नका.

सरांनी चहा घेता घेता नियमही पक्का करून दिला: पात्राच्या तोंडचं बोलणं दुहेरीत, नाटकाचं नाव एकेरीत, आणि बोलण्यात नाटकाचं नाव आलं तर दुहेरीच्या पोटात एकेरी.

तिसऱ्या प्रूफात एकच लाल वर्तुळ होतं. एका नटानं ’७५ साली पदार्पण केलं होतं आणि आकड्याआधीचं चिन्ह उलटं पडलं होतं, ‘७५. शतक गाळल्याची खूण बंद चिन्हासारखीच वळते. मी सवयीनं वर्डला शिव्या घालायला तोंड उघडलं, मग आठवलं, ऑल्ट-२ च्या जागी ऑल्ट-१ मीच दाबलं होतं.