सारायेव्हो: त्रेबेविचवरून पायी उतरू नका

'केबल कारने वर जा, येताना रमतगमत खाली या, उतारच तर आहे.' बोस्नियाची राजधानी सारायेव्होत, त्रेबेविच डोंगराबद्दल राहत्या ठिकाणी मिळालेला हा सल्ला तुम्हालाही मिळेल. अजिबात ऐकू नका. परतीचं तिकीट काढूनच वर चढा.

१९९२-९५ च्या बोस्नियन युद्धात उद्ध्वस्त झालेली ही केबल कार २०१८ च्या एप्रिलमध्ये पुन्हा सुरू झाली. वर १९८४ च्या हिवाळी ऑलिंपिकचा बॉबस्ले ट्रॅक (बर्फावरच्या घसरगाडीच्या शर्यतीचा मार्ग) आहे. युद्धात सर्ब सैन्याने शहराला वेढा घातला होता, तेव्हा याच डोंगरावरून सर्ब तोफा शहरावर आग ओकत होत्या. आता त्या काँक्रीटच्या नळीवर रंगीबेरंगी चित्रं आहेत आणि आतून आरामात चालता येतं. इथवर सगळं उत्तम.

ट्रॅक संपला की हाल सुरू. सुट्या दगडांवर ओल्या पानांचा थर, त्यामुळे पाय कुठे टेकतोय ते कळतच नाही. फाट्यांवर पाट्या नाहीत. झाडी संपून वस्ती लागली की सुटलो असं वाटतं, पण बिस्त्रिकच्या डांबरी गल्ल्या इतक्या उभ्या आहेत की खरे गुडघे तिथेच जातात. समोरून गाडी आली तर भिंतीला चिकटून उभं राहायचं. माझ्या मांड्या दुसऱ्या दिवशीही जिना उतरू देत नव्हत्या, आणि मी नियमित सह्याद्रीत फिरणारा माणूस आहे.

तरीही उतरणारच असाल तर मळलेली वाट सोडायची नाही. या उतारांवर युद्धात सुरुंग पेरले होते. शॉर्टकट नाही, फोटोसाठी झुडपात शिरणं नाही, लघवीलासुद्धा नाही.

बाकी शहर सोपं आहे. वेढलेल्या शहराला बाहेरच्या जगाशी जोडायला १९९३ मध्ये विमानतळाखालून खणलेला बोगदा सुमारे ८०० मीटरचा होता. आज आत जाता येतं ते जेमतेम वीस-पंचवीस मीटर, तेही वाकून. तेवढंही पुरतं, जरूर बघा. तिथे जायला ३ नंबरच्या ट्रामने इलिजा उपनगरात उतरा. पुढे टॅक्सी केलीत तर मीटर टाकायला लावा. मला एकाने सरळ तिप्पट भाडं सांगितलं, मी दार उघडून उतरलो.

व्हियेच्नित्साला, म्हणजे जुन्या नगरपालिकेच्या इमारतीला, पुरेसा वेळ द्या. १९९२ च्या ऑगस्टमध्ये तोफगोळ्यांनी ही इमारत पेटली आणि आतल्या राष्ट्रीय ग्रंथालयाची लाखो पुस्तकं जळाली. २०१४ मध्ये ती पुन्हा उघडली. आत उभं राहिल्यावर मला राग आवरेना. याच शहरानं वेढा उठण्याआधीच, १९९५ मध्ये, चित्रपट महोत्सव सुरू केला! तो ऑगस्टमध्ये असतो. तेव्हा जाणार असाल तर खोली फार आधी ठरवा, ऐनवेळी दर परवडणार नाहीत.

रोख मार्क (बोस्नियाचं चलन) जवळ ठेवा, एका युरोला दोनला थोडे कमी. शाकाहारी मंडळींनी बाश्चार्शिया या जुन्या बाजारात पापुद्र्यांत सारण भरून भाजलेली पालकाची झेल्यानित्सा किंवा बटाट्याची क्रोंपिरुशा मागावी. दोन्ही पोटभर होतात.