तुम्ही विचारलंत म्हणून: आजकालच्या गाड्या एवढ्या चेपतात कशा?

मी गाड्यांच्या बॉडीचं काम करतो हे कळलं की हा प्रश्न येतोच, जुन्या गाड्या कशा दणकट होत्या, आताच्या जरा ठोकल्या की पुढून पार चुरा, कंपन्या पत्रा वाचवतात ना? नाही हो. तो भाग चेपावा म्हणूनच तसा बनवलेला असतो, त्याला क्रंपल झोन म्हणतात.

असं बघा, ताशी 50 किलोमीटरने भिंतीवर आदळणं म्हणजे साधारण तीन मजल्यांच्या उंचीवरून खाली पडणं. तो जोर कुठेतरी जिरायलाच हवा. गाडी फक्त 10 सेंटीमीटर दबून थांबली तर बेल्ट लावलेल्या माणसावर सरासरी त्याच्या वजनाच्या शंभरेक पट जोर येईल, आणि तीच गाडी 60 सेंटीमीटर दबत दबत थांबली तर सोळा-सतरा पट. एवढाच फरक, पण जीव त्यातच वाचतो. आणि हे सगळं सेकंदाच्या दहाव्या भागाच्याही आत संपतं.

ही कल्पना मर्सिडीजच्या बेला बारेनी या इंजिनिअरची, पेटंटचा अर्ज 1951 चा आणि त्यावर बनलेली गाडी 1959 ला आली. पुढचा आणि मागचा भाग दबू द्यायचा, मधली केबिन मात्र दबू द्यायची नाही. लोक नेमकं हे दुसरं विसरतात. 2009 मध्ये अमेरिकेत इन्शुरन्सवाल्यांच्या सेफ्टी संस्थेने 1959 ची शेव्हरोले बेल एअर आणि 2009 ची मालिबू समोरासमोर आदळवल्या, तर त्या दणकट म्हणवणाऱ्या जुन्या गाडीची केबिनच कोसळली, डमी ड्रायव्हर वाचला नसता, आणि मालिबूतल्या डमीच्या फक्त पायाला मार. म्हणून जुन्या गाड्या मजबूत होत्या हे मला पटत नाही, जाड पत्रा म्हणजे मजबुती नव्हे.

बंपरच्या मागे दोन्ही बाजूंना एकेक चौकोनी नळी असते, क्रॅश बॉक्स, तिच्यावर मुद्दाम आडव्या खाचा पाडलेल्या असतात म्हणजे घडी तिथूनच पडायला सुरुवात होते. अपघातातून आलेला बॉक्स मी हातात घेऊन बघतो तेव्हा तो पेटीच्या भात्यासारखा घड्या घड्या होऊन बसलेला असतो, एकावर एक. एका गाडीचं बॉनेट उभं दुमडलेलं होतं, पुढचं चाक मागे सरकलेलं, आणि ड्रायव्हरचा दरवाजा मी एका हाताने उघडला, दरवाजाभोवतीची फट वरपासून खालपर्यंत सारखी, म्हणजे केबिन वाकलीच नव्हती! बघणारे म्हणत होते काय भंगार गाडी, मला मात्र त्या गाडीला हात जोडावेसे वाटले.

हो, बेल्ट नसेल तर यातलं काही कामाचं नाही, गाडी हळूहळू थांबते पण तुम्ही त्याच स्पीडने पुढे जाता, मागच्या सीटवरचेही. बाहेरून जाड लोखंडी बुल गार्ड बसवला की जोर क्रॅश बॉक्सला वळसा घालून थेट चेसिसवर जाऊ शकतो, आणि एअरबॅगच्या सेन्सरचं टायमिंगही बिघडू शकतं, म्हणून मी कुणालाच बसवू देत नाही.

आणि दुमडलेला क्रॅश बॉक्स ठोकून सरळ केला तर तो दिसायला सरळ होतो पण पुढच्या वेळी हवा तसा दुमडेलच असं नाही, तेव्हा गाडी दुरुस्तीला दिलीत तर तो नवीनच टाकलाय का ते बिलात बघून घ्या.